आक्काचं नवं काळीज

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. पेटीमास्तर, सूर तेवढा धरून ठेवा, बारीक... हां, अस्सा! आधी एक प्रश्न विचारतो, मग कथा. उत्तर लगेच देऊ नका. घाईनं दिलेलं उत्तर अन् घाईनं उतरवलेला भात – दोन्ही कच्चे!

प्रश्न असा. माणूस देवाकडे बळ मागतो. कुणी अंगाचं मागतो, कुणी पैशाचं, कुणी खुर्चीचं. देव दयाळू! देऊन टाकतो. पण बळ कधी एकटं येतं का हो? चूल मोठी केली की धग मोठी होणारच ना? बळ आलं की त्याच्यामागून ताप येतो! मग मला सांगा – बळ मिरवायचं आपण... आणि तो ताप सोसायचा कुणी?

विठ्ठल विठ्ठल! म्हणा की! – बघा, कूलरसमोर बसलेल्यांचा आवाज खणखणीत आला, अन् त्या खांबाआड बसलेल्यांच्या तोंडून शब्द फुटेना! म्हणजे तापाचा प्रश्न तुम्हाला कळला म्हणायचा. वैशाखात सप्ताह बसवलाय तुम्ही. मी प्रश्न विचारला नसता तरी तो तुमच्या पाठीवरून ओघळतोच आहे!

आता तुम्ही म्हणाल, बुवा भस्मासुर काढणार. मंडळी, भस्मासुर तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ आहे. आज मी मोटारीचं आख्यान सांगणार! हसा, हसा. अहो, पुराणात रथ चालतो, विमान चालतं, मग मोटारीनंच काय घोडं मारलंय?

तर परतवाडा! सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. खाली तापलेलं मैदान, वर जंगल आणि पठार, अन् मधे नागमोडी घाट. या परतवाड्यात शेषराव चौखंडे नावाचे गृहस्थ राहत. धंदा टॅक्सीचा. खालची माणसं वर न्यायची, वरची खाली आणायची. आणि त्यांची गाडी? गोल पाठीची, जुन्या घडणीची, पुढं दोन मोठे दिवे आणि मधे दात दाखवून हसणारी जाळी. गावानं तिचं नाव ठेवलं होतं – आक्का! "आक्का निघाली का?" "आक्कात जागा हाये का?" शेषरावांच्या बायकोला, सिंधूबाईला, गावात ओळखणारे कमी. आक्काला मात्र सगळे ओळखत! आणि शेषरावांची भक्ती अशी, की चप्पल घालून आक्काच्या आत कधी पाय ठेवला नाही. चप्पल सीटखाली, पाय उघडे, मग चावी फिरवायची. तुम्ही देवळात येता ना, तसंच! – तुमच्यातले काही तिथंही चपलेवरच लक्ष ठेवून असतात, ते सोडा.

पण आक्का म्हातारी झाली होती. घाटात एक वळण होतं, त्याला म्हणायचे उतरवणीचं वळण. तिथून पुढं उभा चढ. गाडी भरलेली असली की आक्का तिथं धापा टाकायची. मग उतारूंनी उतरायचं, चढ पायी चढायचा, अन् वर सपाटीला लागलं की पुन्हा आत बसायचं. रीतच पडली होती! वळणावर चहाची टपरी. तिथले रिकामटेकडे आक्का दिसली की ओरडायचे – "उतरा हो उतरा! आक्का दमली!" आणि शेषराव ते हसण्यावारी न्यायचे.

एकदाच त्यांना हसता आलं नाही. थोरली लेक शोभा, तिचं लग्न पठारावरच झालं. त्या गावांत लग्न नवऱ्याच्या दारी लावायची रीत. नवरी घेऊन आक्का निघाली, वळणावर दमली. शालू नेसलेली, हळद लागलेली पोर खाली उतरली आणि भर उन्हात चढ चढली. तेवढीच गोष्ट! पण सासरच्या मंडळींनी ती धरून ठेवली. भाजी खारट झाली – "पायी आलेली सून!" दूध उतू गेलं – "पायी आलेली सून!" अरे, दुधाचा अन् पायी येण्याचा संबंध काय? पण टोमण्याला संबंध लागतो का? टोमण्याला फक्त जीभ लागते!

शोभा माहेरी आली की हे सांगायची नाही. सिंधूबाईनं तिच्याकडून काढून घेतलं आणि शेषरावांना सांगितलं. ते उठले. अंगणात गेले, आक्काच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. धाकटी लेक नलू, तिचंही लग्न पठारावरच जमलं होतं. मुहूर्त वैशाखातला. शेषराव आत आले आणि म्हणाले, "सिंधू, माही नलू पायी जानार नाई. मांडवाच्या दारात गाडीतूनच उतरन. जबान देल्ली म्या."

"कोनाले देल्ली?" सिंधूबाईनं विचारलं.

"आक्काले!"

मंडळी, जबान दिली! आता बळ पाहिजे. कुठून आणायचं? गावात परसराम मिस्त्री होता. हात सोन्याचा, तोंड मिरचीचं! गिऱ्हाईकाला शिव्या घातल्याशिवाय त्याला पाना धरवत नसे. शेषराव त्याच्याकडे गेले अन् म्हणाले, आक्काला जीपचं डिझेल इंजिन बसव. भंगारवाल्याकडे एक तगडं पडलंय.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "शेषराव, म्हातारीच्या छातीत पैलवानाचं काळीज घालतो म्हनता?"

"घालता येते का नाई, ते सांग."

"येते ना! न यायले काय झालं?"

हे मला फार आवडतं, मंडळी! कारागिराला "नको" म्हणा, तो ऐकेल. "तुला येतं का" म्हणा – झोप उडते त्याची! मिस्त्री लागला कामाला. अहो, काय ते काम! इंजिन बसेना, तर नव्या कड्या घडवल्या. नव्या वजनानं पुढचा भाग खाली बसू लागला, म्हणून स्प्रिंगचे पाटे बदलले. ब्रेक बदलले! का? तर म्हणे, "पयनं शिकवाच्या आधी थांबनं शिकवा लागते." पळण्याआधी थांबणं! वा रे मिस्त्री! हे वाक्य शाळेच्या भिंतीवर लिहिण्यासारखं आहे. आम्ही भिंतीवर लिहितो, 'येथे थुंकू नये.'

आणि मग आली अडचण. मिस्त्री म्हणाला, "आता रेडिएटर. पानी थंड करनारी ही जाळी जुन्या इंजिनाच्या मापाची हाये. नव्याचा ताप मोठा. जाळी मोठी पाह्यजे. त्याच्यासाठी आक्काचं तोंड कापा लागते."

शेषराव ताडकन उभे राहिले. "तोंड? आक्काचं तोंड कापतं? पोटात काय टाकाचं ते टाक, बावा. तोंडाले हात नाई लावाचा!"

"मंग हिवाळ्यात चालवा. वैशाखात घाट नाई चढनार ते."

"लग्न वैशाखात हाये!"

"मंग कापू द्या!"

"नाई!"

हा हट्ट, मंडळी. आणि हट्टात माया होती, म्हणून त्यातली चूक दिसली नाही. द्वेषानं केलेली चूक शेजाऱ्याला लगेच दिसते. मायेनं केलेली घरातल्या कुणालाच दिसत नाही.

पण शेषराव गप्प बसणारे नव्हते. घरी कूलरसमोर बसले. कूलर आमच्या वऱ्हाडचं कुलदैवत! वाळ्याची ताटी, तिच्यावर ठिबकणारं पाणी, मागून पंखा, आणि पुढं गारेगार वारा. पाहता पाहता डोळे चमकले. "सिंधू! आक्काच्या तोंडालेही वाळ्याची ताटी लावली त?"

घ्या! मंडळी, ही युक्ती पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचणार नाही. ज्याचा अर्धा जन्म कूलरसमोर गेला, त्यालाच सुचेल! त्यांनी वाळा आणला, पोत्यात शिवला, आक्काच्या जाळीवर घट्ट बांधला आणि वर बादलीभर पाणी ओतलं. कसा घमघमाट सुटला म्हणता! लोक म्हणाले, आक्का अत्तर लावून आली!

मिस्त्री मात्र फणफणला. "वारा अडते ना त्यानं!"

"ओला वारा जाते ना मधून!"

"तुमची गाडी, तुमची पोरगी, तुमचा घाट. पाहा बाप्पा!" मिस्त्री फिरकलाच नाही काही दिवस. पण नलूनं स्वतः जाऊन बोलावलं – "काका, माह्या लग्नाले तुमी आक्कातच बसाचं." मग आला. तोंड वाकडं करून आला, पण आला.

आणि मंडळी, सपाट रस्त्यावर आक्का धावली! सकाळची वेळ, ताटी ओली, रस्ता मोकळा. शेषरावांनी पाय दाबला अन् म्हातारीनं अशी उडी घेतली, की पुढची बस मागं पडली. बसचा ड्रायव्हर खिडकीतून पाहतच राहिला. शेषराव घरी आले ते एकटेच हसत.

"अवो, हासता काऊन?" सिंधूबाई म्हणाली.

"आक्काले जवानी आली ना!"

"बरं झालं. कोनाले तरी आली."

हसलात! सगळ्या काकू हसल्या. म्हणजे सिंधूबाई घरोघर आहे!

आता लग्नाचा दिवस. गोरज मुहूर्त – गाई घरी परततात त्या वेळेचा. वऱ्हाड टेंपोतून सकाळीच वर गेलं होतं. आक्का दुपार कलल्यावर निघाली. आत शेषराव, सिंधूबाई, नलू, एक काकू, मागं मिस्त्री, आणि मांडीवर, पायाशी, टपावर सगळं रुखवत. ऊन असं, की नळाची तोटी हातानं धरवेना. पायथ्याशी शेषरावांनी ताटीवर पाणी ओतलं. "जय आक्का!" म्हणाले अन् घाटाला लागले.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. आक्काच्या पोटातलं नवं काळीज हत्तीसारखं घुमतंय! शेषराव आरशातून नलूकडे पाहतात. पिवळी साडी, हिरवा चुडा, निवांत टेकून बसलेली पोर. आणि पुढं आलं उतरवणीचं वळण.

टपरीवरचे उठून उभे राहिले. आता उतरणार! आता उतरणार! तोंडं उघडली ओरडायला... आणि आक्का थांबलीच नाही! शेषरावांनी हॉर्न वाजवला, पाय दाबला, अन् भरल्या गाडीनिशी आक्का वळणावरून वर! टपरीवरचे बघतच राहिले, मंडळी! एकानं तर आपला कप दुसऱ्याच्या हातात दिला आणि टाळ्या पिटल्या. सिंधूबाईनं डोळ्याला पदर लावला. मृदंगवाले, वाजवा की! तुम्हीही बघतच राहिलात?

इथं कथा संपली असती तर काय बहार होती! बुंदी वाटून घरी गेलो असतो. पण देवानं शेषरावांची परीक्षा वळणावर ठेवलीच नव्हती. ती ठेवली होती वळणाच्या पुढं.

उभा चढ. वेग कमी. वरून ऊन, खालून धग. ताटी कधीच वाळून पापड झाली, अन् रस्त्याची सगळी धूळ तिच्यात जाऊन बसली. आक्काला श्वास घेता येईना! तापाचा काटा चढू लागला. शेषरावांना दिसला का? दिसला! पण माणसाला नको असलेला काटा दिसला, की मान दुसरीकडं वळते. ते रस्त्याकडं बघू लागले.

"शेषराव, वास येऊन राह्यला," मिस्त्री मागून म्हणाला.

"नवं हाये. तेलाचा असन."

"काटा पाहा!"

"थोडंच राह्यलं!"

मग शीळ वाजू लागली. बारीक, लांब. पुढून वाफेचा धागा निघाला. शेषरावांचा पाय उठेना. कसा उठेल? उठला तर पोर पायी जाणार. शोभाचं तोंड डोळ्यांपुढं. "पायी आलेली सून" कानात. आणखी एक वळण, आणखी एक...

तेव्हा नलूनं मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, थांबवा."

"तू पायी जानार नाई, बेटा!"

"मले माईत हाये, बाबा. पन तुमी आक्काले मारून मले वर नेता काय? थांबवा."

आणि मंडळी, त्यांनी थांबवली! मला इथं त्या माणसाला नमस्कार करावासा वाटतो. गाडी पळवणं सोपं आहे हो. टाळ्या मागं ताज्या असताना गाडी थांबवणं – फार कठीण!

सिंधूबाईनं घाईघाईनं तांब्याभर पाणी घेतलं आणि इंजिनावर ओतायला धावली. मिस्त्री ओरडला, "वयनी, थांबा! तापल्या लोखंडावर गार पानी टाकलं त तडकन!" मग त्यानं पुढं जाऊन ताटीची सुतळी कापली, ताटी ओढून काढली आणि झुडपात फेकून दिली. आतली जाळी श्वास सोडत होती. मिस्त्री शेषरावांना एक शब्द बोलला नाही. मिरचीच्या तोंडाचा माणूस, पण त्या वेळी बोलला नाही. ही माणुसकी बघा!

शेषराव स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. म्हणाले, "म्याच तिचं तोंड बांधलं ना रे."

थांबले. झाडाच्या सावलीला सगळे बसले. आक्का निवत गेली, मिस्त्रीनं दमादमानं पाणी भरलं. ऊन उतरू लागलं. वर पठारावर मुहूर्त वाट पाहतोय! मिस्त्री म्हणाला, "ताटी काढली, तरी जाळी लहानच. गाडी रिकामी केली, तरी हा चढ होत नाई. आक्काले इथंच ठेवू. चालत जाऊ."

"आन् पोरगी मांडवात पायी जाईन?"

मिस्त्रीनं नजर चुकवली. मग हळूच म्हणाला, "एक उपाय हाये. पन तो सांगाचा मले धीर होत नाई."

काय उपाय, मंडळी? नीट ऐका. हे इंजिन ज्या जीपचं, ती चालत होती बर्फाच्या मुलखात. तिच्यात हीटर होता – थंडीत माणसाला ऊब देणारा! इंजिनाचं उकळतं पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती ऊब आत फेकतो. पाण्याच्या फेरीतच तो बसलेला, म्हणून मिस्त्रीनं तो तसाच आक्कात ठेवला होता.

"इंजिनाचा ताप दोनच वाटांनी जाते," मिस्त्री म्हणाला. "एक त जाळीतून भाईर. नाई त हीटरमधून अंदर. भाईरची वाट लहान हाये. अंदरची उघडली त आक्का वाचन, चढही चढन. पन तो सारा ताप बसनाऱ्याच्या पायावर येईन. ह्या उन्हात!"

शेषरावांनी विचार केला? छे! त्यांनी दार उघडलं आणि नलूला म्हणाले, "उतर, बेटा." तोच शब्द! जो शब्द तोंडातून निघू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तोच शब्द त्यांनी स्वतःच्या तोंडानं उच्चारला. "चढ पायी चढ. वर सपाटीले मी गाडी घेऊन उभा राह्यतो. मांडवात गाडीतूनच जाशीन."

नलू उतरली. सिंधूबाई उतरली, काकू उतरली. मिस्त्री म्हणाला, "मी बसतो, तुमी चाला."

"ताटी कोनं बांधली होती?" शेषराव म्हणाले. "सरक."

आणि बसले आत! चप्पल सीटखाली, पाय उघडे. हीटर पूर्ण सोडला. मंडळी, वैशाखातलं ऊन, लोखंडी टप, आणि पायाशी भट्टीचं तोंड! तुमच्यातला कुणी या ऋतूत चुलीच्या तोंडाशी अनवाणी पाय ठेवून बसेल का? घडीभर? शेषराव अख्खा चढ बसले! पेडल तापलं. पायाखालचा पत्रा तापला. घाम डोळ्यांत, घाम ओठांवर. ते काट्याकडं बघत होते. आता मान वळवली नाही! काटा थरथरला... आणि केसभर खाली आला. शेषराव मोठ्यानं म्हणाले, "हाव माय! सोड! सोड माह्यावर!"

(विठ्ठल विठ्ठल, मंडळी, विठ्ठल विठ्ठल...)

चप्पल घालता आली असती. सीटखालीच होती. मिस्त्रीनं बाहेरून चालता चालता ओरडून सांगितलं, "वहाना घाला, शेषराव!" त्यांनी मान हलवली. जन्माची सवय त्या माणसानं संकटात मोडली नाही. तुम्ही म्हणाल, हा वेडेपणा. असेल! पण मला असा एखादा वेडा भेटला तर मी त्याला माझ्या आसनावर बसवीन आणि स्वतः टाळ घेऊन मागं उभा राहीन.

नलू गाडीच्या बाजूनं चालत होती. तिनं खिडकीत हात घातला आणि झटकन मागं घेतला. "बाबा! आत आग हाये!"

"मले थंडी वाजून राह्यली होती बेटा," शेषराव म्हणाले.

चढ संपला. वर सपाटीची सुरुवात, तीच त्या गावची शीव. तिथं नवऱ्याकडची मंडळी पाहुण्यांच्या स्वागताला उभी. वाजंत्री, ताम्हण, पाण्याची कळशी. मधोमध नवऱ्याची आई अनसूयाबाई. करारी बाई! गाव तिला दबून असे. आणि त्यांच्यासमोर काय आलं? पुढं वाफाळलेली आक्का, शेजारून धुळीनं भरलेली, पायी चालणारी नवरी! वाजंत्री थांबली. मागून एक म्हातारी हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू – असा आवाज फक्त लग्नात लागतो – "हेही पायीच आनली वाटते!"

शेषरावांनी ऐकलं. हात जोडून काहीतरी सांगावं म्हणून त्यांनी दार उघडलं, पाय खाली टेकवला – आणि परत सीटवर बसले. टेकवताच येईना!

अनसूयाबाई पुढं आल्या. "इवाई, उतरा ना. शिवेवर बसून राह्यता काय?" आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात, आणि विहिणीला ईनबाई.

"उतरतो, ईनबाई. जरा दम..."

त्या वाकल्या. आतून धगीचा लोट त्यांच्या तोंडावर आला, तशा त्या दोन पावलं मागं सरल्या. "अवो माय! हे काय?"

 मिस्त्री बोलला. सगळं सांगितलं – ताटी, काटा, हीटर, चढ. आपली जाळी लहान होती हेही सांगितलं, शेषरावांचा हट्टही सांगितला, काही झाकलं नाही. शेवटी म्हणाला, "पोरगी गाडीतून मांडवात जावी म्हून हा मानूस भट्टीत बसून आला, बाई. पाय पाहा त्याचे."

अनसूयाबाईंनी पाय पाहिले. लालबुंद. टाचेला, बोटांना फोड आलेले.   नलूनं ओठ दाबून धरले होते. आता ही बाई काय म्हणते, त्यावर पोरीचा जन्म जाणार!

अनसूयाबाईंनी ताम्हण मागून घेतलं. कळशी घेतली. आणि रेशमी लुगड्यानिशी ती बाई रस्त्यावर, धुळीत, गाडीच्या दाराशी बसली! म्हणाली, "पाय पुढं करा."

शेषराव घाबरले. "ईनबाई, उलटं होते हे! पाय म्या धुवाचे, नवरदेवाचे! मी मुलीचा बाप हाये!"

"मुलीचा बाप हाये म्हूनच त," अनसूयाबाई म्हणाल्या. "आना पाय इकडं."

आणि तिनं पाय धुतले, मंडळी! हळू हळू पाणी सोडलं, पदरानं टिपले. लोकांच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती मघाची म्हातारी सगळ्यांत मोठ्यानं रडली! अनसूयाबाई उठल्या, तिच्याकडं वळून म्हणाल्या, "आता कोनी विचारलं सून कशी आली, त सांगजा – बापानं आगीत पाय ठेवले, तवा आली. आन् ज्याले टोमना माराचा असन त्यानं आधी त्या गाडीत बसून दाखवाचं!"

मग हीटर बंद केला. मिस्त्रीनं आक्का चालवली, शेषराव मागं बसले, नलू शेजारी. मांडवाच्या दारात नवरी गाडीतून उतरली. गाई गोठ्यात शिरत होत्या. मुहूर्त साधला!

लग्नानंतर शेषराव लंगडत मिस्त्रीकडे गेले आणि म्हणाले, "काप आक्काचं तोंड." मोठी जाळी बसली. आक्का आता जरा बोळकी दिसते म्हणतात. पण भर वैशाखात, भरल्या गाडीनिशी वळण चढते, आणि टपरीवरचे उठून नमस्कार करतात. तोंड कापलेल्या आक्कातून शेषराव पहिल्यांदा कुठं गेले माहीत आहे? शोभाच्या सासरी. तिला पुढच्या सीटवर बसवून सगळ्या गावातून हॉर्न वाजवत माहेरी आणलं. काय समजायचं ते गाव समजलं!

तर मंडळी, मघाशी विचारलं होतं – ताप कुणी सोसायचा? शेषरावांनी बळ आणलं, चूक केली, मिरवलंही! पण ताप अंगावर आला, तेव्हा तो लेकीवर टाकला नाही, मिस्त्रीवर टाकला नाही, मुक्या गाडीवरही टाकला नाही. म्हणाले – "सोड माह्यावर!" म्हणून धुळीत बसून त्यांचे पाय धुतले गेले.

आता तुमच्याकडं वळतो. खाली बघू नका! देवानं तुम्हाला बळ दिलंय. कुणाला बढती मिळाली, कुणाचा मुलगा साहेब झाला, कुणी निवडून आलं – बसलेत, समोरच बसलेत! चांगलं झालं, वाढो! पण दिवसभर तापलेलं ते इंजिन घेऊन तुम्ही संध्याकाळी घरी जाता, तेव्हा हीटरचं तोंड कुणाकडं असतं हो? ताट वाढणारीकडं? म्हाताऱ्या बापाकडं? दुसऱ्याच्या घरातून आलेल्या, उलटून न बोलणाऱ्या सुनेकडं?

आज कीर्तन सुटल्यावर माझ्या पाया पडू नका. घरी जा. तुमच्या बळाचा ताप ज्यानं आजवर मुकाट सोसला, त्याच्या पायांकडं एकदा बघा. फोड दिसतील! दिसले, की तांब्याभर पाणी घ्या आणि खाली बसा. लाज वाटेल. वाटू द्या. अनसूयाबाईला नाही वाटली.

उचला टाळ! विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल...